सुपाएवढं पान

“हा माणूस सहा दिवस एकही थाप न मारता राहिला, तर मी मिशी उतरवीन,” आप्पा शेंडगे म्हणाला.

“तुझ्या मिशीत उतरवण्यासारखं आहे काय?” मी म्हटलं. “फोडणीत जिरं याच्यापेक्षा जास्त पडतं.”

चौकातली चारपाच माणसं हसली. मीही हसलो. म्हणजे तोंड तसं केलं.

सात वर्षं झाली या गोष्टीला. मिरजेत आमच्या बोळाच्या तोंडाशी एक फळा आहे. मंडळाचा. कोण वारलं, पाणी कधी सुटणार, कुणाची पोरगी दहावीला पहिली आली, ते त्यावर लिहितात. लिहायचं काम माझ्याकडं, कारण माझं दुकान नंबर प्लेटा आणि पाट्या रंगवायचं. अक्षर मोत्यासारखं. डोकं मात्र वांड. एकदा मी लिहिलं, ‘उद्या प्रायोगिक तत्त्वावर नळाला गरम पाणी येईल. वेळ ६ ते ७.’ सकाळी सहाला अर्धा बोळ खांद्यावर टॉवेल टाकून नळाखाली बोट धरून उभा! सगळ्यात पुढं आप्पा शेंडगे. एसटीत तीस वर्षं कंट्रोलर होता, वेळेचा पक्का.

पण शालन गेली, माझी बायको, तेव्हापासून पाच महिने फळ्यावर मी फक्त तारीख लिहीत होतो. लोकांना चुकल्यासारखं व्हायचं. येताजाता फळ्याकडं बघायचे, तारीख वाचायचे आणि पुढं जायचे.

सिंगापूरची सहा दिवसांची सहल शालननंच ठरवली होती. पेपरात तिनं एक फोटो बघितला होता, भल्यामोठ्या काचेच्या घुमटात धबधबा आणि जंगल. कात्रण स्वयंपाकघरातल्या कपाटाला चिकटवून ठेवलं होतं. “अहो, जंगल आत आणि शहर बाहेर. बघायला पाहिजे की नाही?” दोन सीट बुक केल्या, आणि जायच्या आधीच ती गेली. हृदय. घरात एकटी होती. तिच्या सीटवर मी मृणालचं नाव घातलं.

मृणाल माझी पोरगी. पंचवीस वर्षांची. पुण्यात नोकरी करत होती, ती सोडून घरी येऊन बसली होती. त्या दिवशी साडेअकराच्या सुमाराला आईनं तिला फोन केला होता. ही मीटिंगमध्ये, फोन टेबलावर पालथा. आईच्या फोनमध्ये शेवटची नोंद तेवढीच होती, मृणाल, अकरा बत्तीस, उचलला नाही. तेव्हापासून पोरगी फोन कधी पालथा ठेवायची नाही. जेवताना ताटाशेजारी, झोपताना उशीवर, तोंड वर, आवाज फुल. कुठल्यातरी कंपनीचा फालतू फोन आला तरी धावायची. रडली मात्र एकदाही नाही. डॉक्टर म्हणाले, तिला जरा बाहेर काढा. नाहीतर ही अशीच बसून राहील.

म्हणून चाललो होतो. आणि जायच्या आदल्या दिवशी सकाळी ही पैज.

“मिशी नको,” मौलाभाई म्हणाला. मौलाभाई सतारमेकर. फळ्यासमोरच त्याचं दुकान, सतारी आणि तंबोरे करतो. माणूस बोलतो कमी, ऐकतो जास्त. हातातला भोपळा घासता घासता म्हणाला, “हरेल त्यानं फळ्यावर आपली सगळ्यात मोठी थाप लिहायची. स्वतःच्या अक्षरात. सही करायची. आणि आठ ते नऊ तासभर फळ्याखाली उभं राहायचं.”

“भले!” शेंडगे खूश. “याला तर फळा पुरायचा नाही. भिंत लागेल.”

“आणि पंच कोण?” मी विचारलं.

“मी.”

सगळ्यांनी वर बघितलं. आमच्या गॅलरीत मृणाल उभी होती. पाच महिन्यांत बोळातल्या कुणाशी ती बोललेला हा पहिला शब्द.

“चालेल?” शेंडग्यानं मला विचारलं.

पोरगी बोलली होती. मी कशालाही हो म्हटलं असतं.

*

सिंगापूर कसं आहे, असं लोक विचारतात. स्वच्छ आहे. मला तेवढंच सांगता येतं.

आमच्यात अठ्ठावीस माणसं होती. एक सिंह दाखवला, खालून मासा, तोंडातून पाणी सोडणारा. मी त्याच्याकडं बघितलं. तो माझ्याकडं बघत नव्हता. भलंमोठं चक्र दाखवलं, ते एवढं हळू फिरतं की फिरतंय की नाही कळत नाही. आम्ही त्यात बसलो, वर गेलो, खाली आलो. सगळे फोटो काढत होते. प्रत्येक फोटोत माझ्या डावीकडं एक माणूस मावेल एवढी जागा सुटायची. सवयीनं मी तसा उभा राहायचो. मृणाल ती जागा भरायची नाही. ती माझ्या उजवीकडं उभी राहायची, फोन छातीशी धरून.

तीन उंच इमारती आणि त्यांच्या डोक्यावर आडवी एक बोट. बार्शीच्या लोखंडेवहिनी आमच्या गटात होत्या. त्यांनी मान वर करून करून बघितलं आणि मला विचारलं, “अहो दादा, ती एवढी बोट वर चढवली हो कशी?”

मृणालनं लगेच माझ्याकडं बघितलं. तिच्याकडं एक छोटी वही होती. पंचाची.

आता हा बॉल म्हणजे फुलटॉस. पूर आला होता वहिनी, पाणी उतरलं आणि बोट तिथंच राहिली, असं म्हणायचा अवकाश, बाईंनी बार्शीभर केलं असतं. शालन शेजारी असती तर तिनं मला आधीच चिमटा काढून ठेवला असता.

“बोट नाही ती,” मी म्हटलं. “वरच बांधलीय. गच्ची आहे.”

“असं होय,” वहिनी हिरमुसल्या.

मृणालनं वहीत लिहिलं. मी डोकावलो. ‘बोट – सुटले.’

“अवघड गेलं?” तिनं विचारलं.

“दाढ काढल्यासारखं झालं.”

तिच्या ओठाचा एक कोपरा हलला. किती, तर नखाएवढा. पण मी बघितला.

मग मला चेवच आला. खरं बोलायचा. हॉटेलात चहा कसा वाटला विचारलं, तर म्हटलं, पाणचट. लोखंडेवहिनींनी नवीन टोपी दाखवली. म्हटलं, वहिनी, डालग्यासारखी दिसते. वहिनी दोन तास बोलल्या नाहीत. मृणालची वही भरत चालली. तिसऱ्या दिवशी तिनं माझ्या ताटातला पापड न विचारता उचलला. असं ती पूर्वी करायची.

चौथ्या दिवशी तो काचेचा घुमट. शालनच्या कात्रणातला.

आत गारठा. सात मजले उंच पाणी कोसळतंय आणि चहूबाजूंनी डोंगर रचून त्यावर झाडं चिकटवलेली. घटपर्णी होत्या, पानाच्या टोकाला झाकणासकट सुरई लोंबते, तशा. किडा पाणी समजून आत उतरतो आणि परत वर येत नाही. ठरल्या वेळेला एक भोंगा झाला आणि सगळीकडून धुकं सोडलं. लोक ओरडले. मृणाल माझ्यापासून दोन हातांवर होती, ती दिसेनाशी झाली. धुक्यात मला फक्त तिचा फोन दिसत होता. उजेडाचा एक चौकोन, तोंड वर.

“आईला आवडलं असतं,” धुक्यातून तिचा आवाज आला.

“हो.”

“खरं?”

“नाही,” मी म्हटलं. “ती म्हणाली असती, एवढं गार ठेवलंय, झाडांना सर्दी होईल.”

धुकं विरलं तेव्हा ती दुसरीकडं बघत होती.

*

पाचव्या दिवशी दुपारी बाकीचे खरेदीला गेले आणि आम्ही दोघं एका जुन्या बागेत गेलो. तिथं खरं जंगल आहे. शहर व्हायच्या आधीपासूनचं, तसंच ठेवलेलं. लाकडी वाट आत जाते. आत गेलं की गाड्यांचा आवाज बंद. झाडं एवढी उंच की बुंधा दिसतो, शेंडा नाही. वेत दोरखंडासारखे लटकलेले, त्यांना काटे. एका झाडाला दुसऱ्या झाडानं मुळांनी जखडलं होतं, आतलं झाड कधीच कुजून गेलेलं, बाहेरचं मात्र ऐटीत उभं. घामानं शर्ट पाठीला चिकटला.

वाटेच्या कडेला एका बुंध्यावर वेल चढला होता. पानं हिरवी, त्यावर पिवळे शिंतोडे. एकेक पान सुपाएवढं. कडेनं फाटलेलं, केळीच्या पानासारखं.

मी थांबलो. पिवळे शिंतोडे ओळखीचे होते.

“मृणाल, हा आपला मनी प्लांट.”

ती थांबली. “बाबा. पाच दिवस चांगले गेले होते.”

“आईशप्पथ. आईच्या बाटलीतला तोच.”

“तो तळहाताएवढा पण नाही. पंच सांगतोय, थाप. हरलात तुम्ही.”

“अगं, खरं बोलतोय मी!”

“तुमचं खरं कसं ओळखायचं माणसानं?” ती सहज म्हणाली. वही काढली आणि लिहायला लागली.

मी इकडंतिकडं बघितलं. एक म्हातारा माळी पाला गोळा करत होता, तमिळ असावा. त्याला हातवारे करून आणि मोडक्या इंग्रजीत विचारलं. त्यानं वेलाकडं बघितलं, मग माझ्याकडं, येडा कोण आलाय असं, आणि म्हणाला, “मनी प्लांट. यस.” मग हातानं दाखवलं. जमिनीवर आहे तोवर एवढंसं. झाड धरून वर चढला की एवढं.

मृणालनं खोडलं. वहीच मिटली. पुढं होऊन तिनं पानावर तळहात ठेवला. तळहात पानात हरवून गेला.

“आईनं तो कुठनं आणला होता?”

“आणला नव्हता. चोरला होता. मनी प्लांट चोरूनच आणायचा असतो, तरच लागतो, म्हणायची. शेंडग्याच्या गॅलरीतनं. मी खाली शेंडग्याला बोलण्यात गुंतवलं होतं, आणि ही वरनं कात्री घेऊन.”

आणि मृणाल हसली. आवाज करून हसली. पाच महिन्यांनी. माळ्यानं वळून बघितलं.

आम्ही तिथल्या बाकावर बसलो. बाकाच्या पायाशी गवतात लाजाळू होती. आपल्याकडं असते तीच, एवढ्या लांब येऊनसुद्धा तीच. मृणालनं बोट लावलं. पानं मिटली, देठ खाली पडला.

“मेल्याचं सोंग,” ती म्हणाली. “तुमच्यासारखं.”

मी रुमाल काढून मान पुसली.

“किती वेळा करायचात बाबा! आई बाजारातनं आली की तुम्ही जमिनीवर आडवे. डोळे पांढरे. पहिल्यांदा ती शेजारच्यांना बोलवायला धावली होती. आठवतंय?”

“आठवतंय.”

“मग तिला सवयच झाली. तुम्हाला ओलांडून जायची आणि भाजी निवडायला बसायची. म्हणायची, एक दिवस मी तुम्हाला असं फसवीन, असं फसवीन, की जन्मभर लक्षात ठेवाल.”

लाजाळू अजून मिटलेली होती. मी तिच्याकडंच बघत होतो.

“बाबा, पैजेत आहोत अजून आपण. खरंच सांगायचं. आईनं त्या दिवशी तुम्हाला फोन केला होता?”

मांडीवर तिचा फोन होता. तोंड वर.

ती नुकतीच हसली होती. पापड उचलायला लागली होती. मला वाटलं, आत्ता नको. परत गेल्यावर. नंतर कधीतरी. असं एका क्षणात बरंच काही वाटतं.

“नाही,” मी म्हटलं.

तिनं मान हलवली. जणू तिला ते माहीतच होतं.

“म्हणजे मलाच केला होता फक्त.” फोनवरनं बोट फिरवत म्हणाली, “मी उचलला असता तर तुम्हाला लगेच कळवलं असतं. तुम्ही तर खालीच, चौकात होता.”

लाजाळूचं एकेक पान उघडायला लागलं. मी सगळी उघडेपर्यंत बघत बसलो. कशाला, माहीत नाही.

“जिंकलात बाबा,” ती उठत म्हणाली. पुन्हा आवाज तोच, पाच महिन्यांचा.

*

परत आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठला फळ्यासमोर ही गर्दी. शेंडगे इस्त्रीचा शर्ट घालून आलेला. वर गॅलरीत मृणाल, हातात वही.

“पंच, बोला,” कुणीतरी ओरडलं.

“एकही थाप नाही,” मृणाल म्हणाली. “बाबा जिंकले.”

“शक्य नाही! काल मला सांगत होता, मनी प्लांटचं पान सुपाएवढं बघितलं म्हणून. ही थाप नाही तर काय?”

“खरं आहे ते, आप्पाकाका. मी हात लावलाय.”

पोरगी म्हणाली म्हटल्यावर कुणी वाद घातला नाही. माझ्या तोंडून खरी गोष्ट निघालेली गर्दीनं पहिल्यांदाच मानली, ती पण तिच्या शब्दावर.

शेंडग्यानं खडू घेतला. फळ्यापुढं गेला. मान खाजवली. “मायला, लिहू काय? आपली थाप आठवायला पाहिजे ना.”

“तीस वर्षं ‘गाडी येतीच आहे, बसा’ म्हणत होतास की!” मागनं कुणीतरी म्हणालं. लोक खो खो हसले. शेंडग्यानं लिहायला हात वर केला.

मी त्याच्या हातातला खडू काढून घेतला.

“आता काय रे दिन्या?”

“पैज मी हरलोय.”

“पंच म्हणतीय जिंकला.”

“पंचाला माहीत नाही.”

मौलाभाई दुकानाच्या पायरीवर बसला होता. त्यानं हातातली कानस खाली ठेवली. शालन गेली त्या दिवशी मी याच पायरीवर बसून चहा पीत होतो. फोन त्याच्यासमोर आला होता. पाच महिने तो कुणाला काही बोलला नव्हता, मलाही नाही. फक्त पैजेच्या अटी त्यानं घातल्या होत्या.

मी लिहायला लागलो. अक्षर नेहमीसारखंच आलं, मोत्यासारखं. त्याचंच मला आश्चर्य वाटत होतं.

‘माझी सगळ्यात मोठी थाप. शालनने शेवटी फक्त मृणालला फोन केला, ही. त्याच्या बारा मिनिटं आधी तिने मला केला होता. मी उचलला. ती म्हणाली, अहो, छातीत कसंतरी होतंय, लवकर या. मला वाटलं सोंग करतेय. मी म्हटलं, जमलं नाही, आणखी जरा कण्ह. हसलो आणि ठेवला. चहा संपवला. अर्ध्या तासाने घरी गेलो. नंतर तिच्या फोनमधून माझी तेवढी एक नोंद पुसली. मृणालची ठेवली. – दिनकर कुंभोजकर.’

खडू ठेवला आणि फळ्याखाली उभा राहिलो, तोंड रस्त्याकडं करून.

हसणं कुठल्या ओळीला थांबलं ते मला कळलं नाही, माझी पाठ होती. आता सगळे वाचत होते. काहींचे ओठ हलत होते. शेंडग्याचं वाचून झालं, त्यानं चष्मा काढला, पुसला, परत वाचलं. तो माझ्यापर्यंत आला आणि परत थोडा लांब जाऊन उभा राहिला. घरी मात्र गेला नाही.

वर बघायचं धाडस मला झालं नाही. जिन्यावर चपलांचा आवाज आला. मृणाल खाली आली, माझ्या शेजारून गेली, फळ्यासमोर उभी राहिली. माझ्याकडं बघत नव्हती. तिचे डोळे ओळीवरून ओळीवर सरकत होते आणि एका जागी परत येत होते. बारा मिनिटं लिहिलेल्या ओळीवर असावेत. मग ती वळली. आली तशी वर गेली. दार वाजलं.

शाळेला जाणारी पोरं वाचून गेली. दूधवाला सायकल टेकवून वाचून गेला. लोखंडेवहिनींना सांगायच्या राहून गेलेल्या पुराच्या बोटीची मला उगीचच आठवण झाली. पाय दुखत नव्हते. काहीच दुखत नव्हतं. वरच्या गॅलरीत शालनची बाटली दिसत होती, तळहाताहून लहान पानं, पाणी कमी झालेलं.

बराच वेळ गेला. मौलाभाई पायरीवरून उठला. हातात फडकं, ओलं करून पिळलेलं. तो माझ्याजवळ आला.

“बस कर दिनूभाई,” हळूच म्हणाला. “झालं तुझं. पुसतो मी.”

त्यानं फडकं फळ्याला लावलं, तेवढ्यात वरनं आवाज आला.

“मौलाचाचा, थांबा.”

मृणाल गॅलरीत होती. डोळे सुजलेले, नाक लाल, सगळा चेहरा ओला. पाच महिन्यांचं सगळं एकदम आलेलं.

“नऊ वाजले नाहीत अजून,” ती म्हणाली. “पाच मिनिटं आहेत.”

मौलाभाईनं हात खाली घेतला. मी सरळ उभा राहिलो.

आत तिचा फोन वाजत होता. मोठ्यानं, सगळ्या बोळाला ऐकू जाईल असा. ती कठड्याला धरून माझ्याकडं बघत होती, आणि उचलायला गेली नाही.